केसालाही धक्का!

तुमच्या ऑफिसच्या बॅगेत काय काय असतं? लॅपटॉप, चार्जर, डिओ, आईकडे राहत असाल तर डबा आणि... गमीज! हो, त्याच. गुलाबी, चिकट, अस्वलाच्या आकाराच्या. बाटलीवर लिहिलेलं असतं 'हेअर, स्किन अँड नेल्स'. माझ्याही बॅगेत होत्या. पुण्यातल्या टँकरच्या पाण्याने आणि रात्री दोन वाजताच्या डेडलाइन्सने मिळून माझ्या केसांची जी वाट लावली होती, ती बघून एका मैत्रिणीने ती बाटली बर्थडेला गिफ्ट दिली होती. रोज दोन खायच्या. चव मस्त. इतकी मस्त की कधी कधी चार व्हायच्या. व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडतं?

थांबा. ह्या प्रश्नाचं उत्तर मला शेगावात मिळालं. तेही एका कोंबड्यांच्या डॉक्टरकडून.

शेगाव म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. गजानन महाराज आणि कचोरी. जानेवारी २०२५ मध्ये त्यात तिसरी गोष्ट आली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत चक्क टक्कल. बायका, पुरुष, कॉलेजची मुलं, लहान पोरं, सगळेच. चॅनेलवाल्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' असं बारसं करून टाकलं आणि मीम्सचा पाऊस पडला. आमच्या ग्रुपवर पण एक आला. कचोरीला विग घातलेला. मी पोट धरून हसले आणि पुढच्या तीन ग्रुप्सना फॉरवर्ड केला.

दहा मिनिटांनी आईचा फोन. "अगं, मावशीचे केस गेले."

माझी मावशी शेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. तिची वेणी हा आमच्या खानदानातला चर्चेचा विषय होता. लहानपणी मे महिन्यात तिच्याकडे गेलं की दुपारी ती ओसरीवर तेल लावत बसायची आणि आम्ही मुली तिच्या मागे बसून ती वेणी कुठपर्यंत येते ते मोजायचो. मी फोन ठेवला आणि तो मीम 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला गेले. तोपर्यंत सगळ्यांनी पाहिला होता. खाली अकरा स्मायली होते.

शेवटी मार्चमध्ये वेळ काढला आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. सकाळी शेगाव स्टेशनवर उतरले, सवयीने कचोरी घेतली आणि खरं सांगते, गळ्याखाली उतरेना.

मावशी दारातच उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळापर्यंत ओढलेला. घरात, भर उन्हाळ्यात. मी काही बोलायच्या आत तिनेच पदर मागे सरकवला. डोक्यावर बोटाच्या एका पेराएवढे केस उगवले होते. एनसीसीच्या पोरासारखे.

"काहून वं, येवढी घाबरली? येऊन राह्यले नं आता," ती म्हणाली. मग कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तिचे गळलेले केस होते, नीट गुंडाळून ठेवलेले. "डाक्टर लोकायले दाखवाले ठेवले होते. आता फेकूशी वाटत नाही."

केस परत येतात हो. पण बाकीचं? गावातल्या लोकांशी शेजारपाजारच्या गावांत कोणी हात मिळवेना. कटिंगच्या दुकानात नंबर लागेना. आणि माझ्या मावसबहिणीचं, ताईचं, जे जमत आलं होतं ते 'थोडं थांबू या' वर येऊन थांबलं. ताईचा एकही केस गेला नव्हता! ती अकोल्याला नोकरी करते, तिथेच राहते. पण गावाचं नाव पुरेसं होतं.

आता त्या कोंबड्यांच्या डॉक्टरकडे येऊ. तो म्हणजे माझा मावसभाऊ, दादा. व्हेटर्नरीचं शिक्षण घेतलं आणि आता पोल्ट्री फीड बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आम्ही सगळे त्याला लहानपणापासून चिडवतो, की लोकांची पोरं एमबीए करून बँकांत गेली, आमचा दादा कोंबड्यांचा डाएटिशियन झाला. त्या रात्री जेवताना तो शांतपणे म्हणाला, "आईचं हे मी आधी पाहिलं होतं. पुस्तकात. डुकराच्या फोटोत."

"घ्या! आता मायले डुक्कर म्हनते हा पोट्टा!" मावशी कडाडली.

पण दादा मस्करी करत नव्हता. त्याचा फंडा असा की पोटाच्या बाबतीत माणूस गाईपेक्षा डुकराच्या जास्त जवळ आहे. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात चार कप्पे. डुकराला, कोंबडीला आणि आपल्याला ती सोय नाही. जे खाल्लं त्याचा हिशोब थेट अंगावर. म्हणून आहारशास्त्रातल्या कितीतरी गोष्टी आधी डुकरांत आणि कोंबड्यांत कळल्या आणि मग माणसांत. तर त्या फोटोतल्या डुकराच्या पाठीवरचे केस गेलेले असतात आणि खूर फाटून सुटायला आलेले असतात. खाली एकच शब्द लिहिलेला असतो. सेलेनियम.

हा शब्द तोपर्यंत पेपरात येऊन गेला होता. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तुम्हाला माहीत असतील. विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले, २०२२ चे पद्मश्री. सुरुवातीला गावात सगळ्यांचा संशय पाण्यावर होता आणि तो चुकीचाही म्हणता येणार नाही. हा खारपाणपट्टा आहे, इथल्या बोअरचं पाणी जिभेला लावलं तरी कळतं. नमुन्यांत नायट्रेटही जास्त निघालं. कुणी फंगस म्हणालं. आयसीएमआरची टीम येऊन नमुने घेऊन गेली. डॉ. बावस्करांनी मात्र लोकांच्या ताटात पाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. १८ गावांतले २७९ रुग्ण. त्यांच्या तपासणीत सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं. शिवाय झिंक कमी. आणि हे आलं कुठून? त्यांच्या मते रेशनच्या गव्हातून, जो पंजाब-हरियाणाकडून आला होता. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं. सर्वसाधारण प्रमाण १.९. गहू धुऊन पाहिला तरी १३.६१.

"धुतला तरी का जात नाही?" मी विचारलं.

दादाने ताटातली पोळी उचलली. "कारण ते वर चिकटलेलं नसतं. सेलेनियम आणि गंधक म्हणजे जुळे भाऊ. झाडाला फरक कळत नाही. मातीत सेलेनियम जास्त असलं की गहू गंधकाच्या जागी तेच उचलतो आणि दाण्यातल्या प्रोटीनमध्ये बसवून टाकतो. आपण ती पोळी खाल्ली की आपलं शरीरही तसंच फसतं. आता केस, नखं, खूर हे सगळं कशाचं? केराटिनचं. आणि केराटिनला घट्ट धरून ठेवतात गंधकाचे जोड. त्या जोडांत चुकीचा भाऊ येऊन बसला की..."

त्याने पोळीचा तुकडा मोडला. पुढे बोलायची गरज नव्हती.

बरं, हे काही नवीन नाही. अमेरिकेत साउथ डकोटाच्या माळरानावर एकोणिसाव्या शतकातच घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळायचे, खूर सुटायचे. १९३० च्या दशकात तिथल्या कृषी प्रयोग केंद्रात कर्ट फ्रँक नावाच्या शास्त्रज्ञाने अशा शेतांवरचं धान्य उंदरांना आणि कोंबड्यांना खायला घातलं. कोंबड्यांची अंडी उबेनात आणि आतली पिल्लं वेडीवाकडी निघाली. त्यातून गुन्हेगार सापडला. चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या गावांचे केस आणि नखं गेली होती. तिथे सेलेनियम दगडी कोळशातून मातीत आणि मातीतून मक्यात आलं होतं. आणि आपल्याकडे पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर जिल्ह्यांच्या काही गावांतली माती सेलेनियमची आहे, हे तिथल्या कृषी विद्यापीठाच्या संशोधकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. तिथली जनावरं हे भोगत आली आहेत.

म्हणजे सेलेनियम हा व्हिलन, असंच ना? इथेच खरा ट्विस्ट आहे, बॉस.

१९५७ पर्यंत जगाचंही तेच मत होतं. त्या वर्षी क्लाउस श्वार्त्झ यांनी उंदरांवर दाखवलं की थोडंसं सेलेनियम नसेल तर लिव्हर सडतं. त्याच वर्षी कोंबडीच्या पिल्लांवरही सिद्ध झालं की ते नसेल तर पिल्लांच्या कातडीखाली हिरवट-निळं पाणी साचतं आणि ती मरतात. डुकरांमध्ये तर अजून वाईट. धडधाकट दिसणारं पिल्लू अचानक हार्ट बंद पडून मरायचं. ज्याला विष समजत होते ते शरीराला हवंच होतं! पण नाव इतकं बदनाम झालेलं की अमेरिकन सरकारने कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात ते घालायला परवानगी दिली ती थेट १९७४ मध्ये. आणि किती घालायचं? आज तिथली मर्यादा आहे किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे टनभर खाद्यात चिमूटभराहूनही कमी. डुकरांत विषबाधेची लक्षणं साधारण ५ मिलिग्रॅमपासून दिसू लागतात. हवं आणि नको यांच्यामधलं अंतर एवढंच.

आता तो १४.५२ आकडा परत बघा. डुकराच्या खाद्यात जेवढं घालायची परवानगी आहे त्याच्या ४८ पट! माणसाचा हिशोब मी दादाच्या कॅल्क्युलेटरवर केला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, ४०० च्या वर जाऊ नये. तसल्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या की होतात ४,३५६. मर्यादेच्या जवळपास अकरा पट. रोज.

झिंकची गोष्ट तर अजून भारी. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात डुकरांच्या अंगावर जाड खपल्या यायच्या, केस झडायचे. टकर आणि सॅमन या दोघांनी शोधलं की झिंक कमी पडतंय. खाद्यात झिंक होतं, पण धान्यातलं फायटिक अ‍ॅसिड त्याला बांधून ठेवतं, त्यामुळे पोटात जाऊनही अंगी लागत नाही. मग काही वर्षांनी आनंद प्रसाद नावाचे भारतीय वंशाचे डॉक्टर इराणमध्ये होते. त्यांना अशी मुलं दिसली जी एकवीस वर्षांची असून दहा वर्षांची वाटत. ती मुलं खायची काय? न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि बाकी फारसं काही नाही. माणसालाही झिंक कमी पडू शकतं हे तिथून, १९६० च्या दशकात, जगाला कळलं. डुकराला जे आधी झालं तेच. आणि रोटी म्हणजे आपली पोळीच की!

दुसऱ्या दिवशी दादा मला त्याच्या कंपनीत घेऊन गेला. तिथे जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. मक्याचा ट्रक आला. गेटवरच एक मुलगा लांब नळी घेऊन वर चढला आणि वेगवेगळ्या पोत्यांतून नमुना काढला. ओलावा किती, बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन किती, हे पाहिल्याशिवाय ट्रक आत नाही. दादाच्या स्क्रीनवर कोंबडीचं जेवण एक्सेल शीटसारखं मांडलेलं. मका, सोयाबीनची डीओसी, कॅल्शियम, प्रीमिक्स. आणि खाली रांगेत: एनर्जी, प्रोटीन, लायसिन, मेथिओनिन, फॉस्फरस... मक्यात लायसिन कमी, ते सोयाबीन भरून काढतं. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी, ते वेगळं घालतात. पिल्लू पहिल्या आठवड्यात काय खाईल आणि चौथ्या आठवड्यात काय, सगळं वेगळं. तयार पोत्यावर लेबल. पोल्ट्री खाद्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १३७४. इथल्या पाण्यात मीठ जास्त, म्हणून या भागात जाणाऱ्या खाद्यात मीठ कमी करावं लागतं, नाहीतर कोंबड्या पाणी पीत राहतात आणि खालचा भुसा ओला होतो, हेसुद्धा त्याला पाठ!

मी विचारलं, "दादा, तुम्ही प्रत्येक ट्रकचं सेलेनियम तपासता?"

"नाही," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? ते रोज कोणी तपासत नाही. पण आमची कोंबडी एका शेतातलं एकच धान्य खात नाही. मका इकडचा, सोयाबीन तिकडचं, सगळं मिसळलेलं. एखादा घटक वाईट निघाला तरी बाकीचे त्याला पातळ करतात. आणि अंडी दोन टक्क्यांनी जरी कमी झाली तरी मालक दुसऱ्या दिवशी फोन करतो. आपल्या आईच्या ताटात काय होतं? तीन वेळा गहू, एकाच दुकानातला, एकाच खेपेचा. आणि तिने फोन कुणाला करायचा?"

रेशनचा गहू खरेदी होताना तपासतात बरं का. ओलावा, कचरा, फुटके दाणे, किडके दाणे. म्हणजे जे डोळ्याला दिसतं आणि मशीनला पटकन कळतं ते. सेलेनियमला ना रंग, ना वास. मावशी म्हणाली तसं, "गहू तं चांगलेच होते नं बाप्पा. टप्पोरे."

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो तेव्हा मी हिंमत करून मावशीला ते मीमचं सांगून टाकलं. कचोरी, विग, तीन ग्रुप्स, सगळं. तिने ऐकून घेतलं. थोडा वेळ काही बोलली नाही.

"त्यात माहा फोटो होता का?"

"नाही मावशी."

"मंग जाऊ दे." मग जरा थांबून म्हणाली, "पन ताईच्या सासरच्यायनं तोच पाह्यला असन."

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं ते बॅगेतली बाटली काढून मागची बारीक अक्षरं वाचली. झिंक, बायोटिन आणि... सेलेनियम! माझ्या चार गमीज, सकाळची मल्टिव्हिटॅमिनची गोळी आणि जिममधल्या प्रोटीन पावडरचा स्कूप, तिन्हींमध्ये ते होतं. बेरीज केली. मर्यादेच्या खूप आत होते, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण मला हे माहीतच नव्हतं. २००८ मध्ये अमेरिकेत एका लिक्विड सप्लिमेंटमध्ये चुकून २०० ऐवजी ४०,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम पडलं आणि दोनशे माणसांना त्याचा त्रास झाला, त्यातल्या बऱ्याच जणांचे केस गळले, नखं बिघडली. २००९ मध्ये फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे सामन्याच्या दिवशीच कोसळून मेले. त्यांच्या टॉनिकमध्येही हाच घोळ. हेल्दी म्हणून आपण जे ब्राझील नट्स खातो ना, त्यांच्या एका मुठीत, २८ ग्रॅममध्ये, ५४४ मायक्रोग्रॅम असू शकतं. म्हणजे केस यावेत म्हणून खाल्लेली गोष्ट केस घालवूही शकते. डोसचा प्रश्न आहे सगळा.

एप्रिलमध्ये त्याच गावांतून पुन्हा बातमी आली. आता नखं. मावशीचीही दोन नखं पांढरी पडून निघाली. दादाला आश्चर्य वाटलं नाही. तो म्हणाला, "पुस्तकात केसांनंतर खूरच आहेत."

आता मावशीचे केस मानेपर्यंत आलेत. ती म्हणते, या वयात बॉबकट फुकटात मिळाला. तिकडच्या लोकांचा फोन परत आला होता, की आता सगळं ठीक आहे ना, मग पुढे बोलू या. ताईनेच नाही कळवलं. "जे एका बातमीने थांबले, ते उद्या कशानेही थांबतील," एवढंच म्हणाली. मावशी दोन दिवस रुसली होती. मग तिसऱ्या दिवशी तिनेच ताईच्या डोक्याला तेल लावून दिलं.

तुम्हाला सल्ला वगैरे देणार नाही. फक्त एक करा. आज घरी गेल्यावर तुमच्या गमीजची बाटली उलटी करून वाचा आणि तीन बाटल्यांमध्ये एकच नाव दिसलं तर बेरीज करा. गहू, ज्वारी, तांदूळ आलटून पालटून खा. दादा म्हणतो कोंबडीलाही एकच धान्य देत नाहीत. आणि कुठल्या गावावरचा मीम आला, तर फॉरवर्डचं बटण दाबायच्या आधी त्या गावात आपलं कोणी राहतं का ते आठवून बघा.

नसेल राहत, तरीही.